सत्तेचाळीस नंबर नक्की कुणाचा?

डेटाबेसच्या या सदराकडे या वेळी आलेल्या पत्रांचा सूर एकच होता : टेबलाची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंद नेमकी ओळखायची खूण, म्हणून काय धरायचं? जगात आधीपासून वापरात असलेला नंबर किंवा कोड, म्हणजे नॅचरल की? की मशीननं दिलेला, कशाशीही संबंध नसलेला आकडा, म्हणजे सरोगेट की? चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्यात दूध आहे आणि माझी उमेदीची वर्षं एका दूध संघाच्या संगणक विभागात गेली आहेत.

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी. कॉम्प्युटर करून गावात आलोय. आमच्या दूध संस्थेसाठी सॉफ्टवेअर लिहितोय. साधारण चारशे उत्पादक, दोन वेळचं संकलन, दहा दिवसांनी बिल आणि दिवाळीच्या तोंडावर फरक (वर्षभराच्या दुधावरची जादा रक्कम). उत्पादकांच्या टेबलाला सभासद नंबर हीच प्रायमरी की ठेवली आहे, कारण काट्यावर माणूस नंबरानंच ओळखला जातो. मित्र म्हणतो, वेगळा आयडी टाक. सचिव म्हणतात, आधार नंबर टाक, तो कधी बदलत नाही. आयडी टाकला तर प्रत्येक रिपोर्टला एक जॉइन, म्हणजे दोन टेबलांची जोडणी, वाढतो, संकलनाच्या लाखो नोंदी आहेत, ते जड जाणार नाही का? — एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : मित्राचं ऐका, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येते.

सभासद नंबर माणसाला चिकटलेला दिसतो, पण खरा चिकटलेला असतो घराला. ४७ नंबर घ्या. तो वडिलांच्या नावावर आहे. पावसाळ्यात वडील गेले. म्हशीला त्याचं काही नसतं, तिची धार दुसऱ्या दिवशीही काढावीच लागते. थोरला मुलगा कॅन घेऊन येतो, काट्यावरचा पोरगा सवयीनं ४७ दाबतो. वारसाचा अर्ज, मीटिंग, ठराव यांत दोन-तीन महिने जातात. मग कुणीतरी उत्पादकांच्या टेबलात ४७ समोरचं नाव बदलतं. एका ओळीची अपडेट क्वेरी, काम झालं.

आता फरक काढायची वेळ येते. फरक मागच्या एप्रिल ते मार्चच्या लिटरवर. ते दूध वडिलांनी घातलेलं. पण तुमचा रिपोर्ट ४७ नंबर बघतो, समोर थोरल्याचं नाव दिसतं आणि वर्षभराचे सगळे लिटर त्याच्या नावावर छापून येतात. धाकटा संस्थेत येऊन म्हणतो, ‘दूध बाबांचं होतं, फरकात माझाही वाटा आहे.’ धाकट्याचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमच्याकडे ते दाखवणारी एकही नोंद नाही. तुमच्या टेबलाच्या मते ४७ म्हणजे थोरला, आणि तो पहिल्यापासून थोरलाच होता. पुढच्या वर्षी भाऊ वेगळे होतात, सचिव तोंडी सांगतात की ४७ चे ‘४७ अ’ आणि ‘४७ ब’ करा, आणि तुमचा कॉलम पूर्णांकाचा असतो.

म्हणून माणसाचं टेबल वेगळं करा आणि त्याला मशीनचा आयडी द्या. सभासद नंबरांचं टेबल वेगळं. आणि तिसरं टेबल नंबरधारकांचं : कोणता नंबर, कोण माणूस, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत. काट्यावर ४७ च दाबू दे. त्या तारखेला ४७ कुणाकडे होता ते सॉफ्टवेअर शोधेल आणि संकलनाच्या नोंदीत माणसाचा आयडी लिहील. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर या तिसऱ्या टेबलाला एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट, म्हणजे तारखा एकमेकींवर येऊ न देणारा नियम, लावता येतो. मग एकाच दिवशी एका नंबराचे दोन धारक होऊच शकत नाहीत. वडील जाणं आणि वारस लागणं यांच्या मधल्या महिन्यांत नंबर कुणाचा, हे मात्र कोणताही कन्स्ट्रेंट सांगणार नाही. ते सचिवांकडून लेखी घ्या.

हे काही दुधापुरतं नाही. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, प्रायमरी की त्याच निबंधातली. त्याच कॉडनी १९७९ च्या निबंधात माणसांनी ठरवलेल्या कींच्या तीन अडचणी मांडल्या. एक, त्या बदलाव्या लागतात. दोन कंपन्या एक झाल्या की कामगारांचे नंबर एकमेकांवर आदळतात. दोन, एकाच माणसाला दोन ठिकाणी दोन वेगळ्या की असतात. तुमच्याकडे गायीच्या आणि म्हशीच्या दुधाला वेगळे कोड असतील तर हा अनुभव तुम्हाला आलाच असेल. तीन, की मिळण्याआधी आणि ती सुटल्यानंतरही माहिती ठेवावी लागते. नवा माणूस दूध आज घालायला लागतो, सभासद पुढच्या सभेत होतो. कॉडचा उपाय असा की आतला आकडा सिस्टीमनं द्यावा, वापरणाऱ्याचा त्यावर ताबा नसावा आणि तो त्याला दिसूही नये. आपण मात्र तो खुशाल पावतीवर छापतो.

हे शेवटचं फार लोक विसरतात, म्हणून जरा थांबते. सभासद नंबरही कधीकाळी निरर्थक अनुक्रमांकच होता ना? रजिस्टरच्या पहिल्या पानावर पहिला आला तो १. मग तो पासबुकावर छापला गेला, लोकांना पाठ झाला, चेअरमनच्या घराला १ नंबरचा मान चिकटला आणि आता तो कुणी बदलू देत नाही. तुमचा नवा आयडीही एकदा पावतीवर गेला की वर्षभरात लोक काट्यावर तोच सांगायला लागतील. तेव्हा तो आतच ठेवा.

आता आधार. तो बदलत नाही, हे सचिवांचं म्हणणं ठीक. पण प्रायमरी की ही टेबलात बसून राहत नाही. ती फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातला संदर्भ, होऊन संकलनात जाते, बिलात जाते, कर्जकपातीत जाते, एक्सेलमध्ये काढलेल्या प्रत्येक यादीत जाते, बॅकअपच्या पेनड्राइव्हमध्ये जाते. गावातल्या चारशे माणसांचे आधार नंबर असे विखरायचे? आधार देणाऱ्या प्राधिकरणानंच २०१७ साली संस्थांना सांगितलं की आधार नंबर एका वेगळ्या सुरक्षित कप्प्यात ठेवा आणि बाकी सगळीकडे त्याच्या जागी एक संदर्भ की वापरा. नंबर देणारेच म्हणतात की जोडाजोडीला हा नंबर वापरू नका. मग आपण कशाला वापरायचा? गावच्या संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये तो साठवायची तशी गरजच नाही.

बिलं बँकेत जमा होतात, म्हणून आयएफएससी कोडचंही सांगते, कारण तो बँक-शाखांच्या टेबलाची प्रायमरी की म्हणून हमखास वापरला जातो. अकरा अक्षरं, देशभरात युनिक, रिझर्व्ह बँकेच्या व्यवस्थेतला. याहून चांगली नॅचरल की कुठे मिळणार? १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून सिंडिकेटचे जुने कोड चालेनासे झाले. कोडची पहिली चार अक्षरंच बँकेची, त्यामुळे सगळेच बदलले. आता कुणी म्हणेल, ऑन अपडेट कॅस्केड लावलंय, एका जागी बदललं की सगळीकडे बदलेल. (ओरॅकलमध्ये ती सोयही नाही, तो भाग वेगळा.) पण सगळीकडे बदलेल हीच तर अडचण आहे. २०१९ साली सिंडिकेटच्या कोडवर पाठवलेले पैसे आता तुमच्या डेटाबेसमध्ये कॅनराच्या कोडवर पाठवलेले दिसतील. ऑडिटर बँकेचं जुनं स्टेटमेंट काढून बसला की दोन्ही जुळणार नाहीत. शाखेला आयडी द्या, कोड हा साधा कॉलम ठेवा, आणि पैसे पाठवल्याच्या नोंदीत त्या दिवशी प्रत्यक्षात वापरलेला कोड जसाच्या तसा लिहून ठेवा. तिथे तो कोड म्हणजे ‘की’ नव्हे, घडलेली गोष्ट आहे.

जॉइनची भीती सोडा. चारशे ओळींचं टेबल मेमरीतच बसलेलं असतं, त्याच्याशी जॉइन म्हणजे काहीच नाही. चारशे उत्पादक, दिवसाला दोन वेळा, वर्षाला २,९२,००० नोंदी. चार बाइटच्या पूर्णांकाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. या वेगानं तो संपायला सात हजार वर्षं लागतील, तोवर संस्थेवर प्रशासक येऊन गेलेला असेल.

आता मित्राचं न ऐकायचं अर्धं. आयडी टाकला की लोकांना वाटतं, युनिकचं काम झालं. मशीन दर वेळी नवा आकडा देतं, त्यामुळे एकाच माणसाची तीन वेळा नोंद केली तरी डेटाबेस हूं की चूं करत नाही. त्यानंतर फरकाची यादी लावताना एकाच नावापुढे तीन रकमा येतात आणि अख्खी रात्र जाते. नॅचरल की प्रायमरी नसली तरी तिच्यावर युनिक कन्स्ट्रेंट हवाच. सभासद नंबरांच्या टेबलात नंबर युनिक, शाखांच्या टेबलात चालू कोड युनिक. माणसांच्या टेबलात नाव, वडिलांचं नाव आणि गल्ली मिळून निदान धोक्याची सूचना तरी द्या. कन्स्ट्रेंट नको, कारण एकाच गल्लीत एकाच पूर्ण नावाचे दोन चुलते मी पाहिले आहेत.

संकलनाच्या टेबलाचा हाच प्रश्न जास्त नाजूक आहे. तुम्ही म्हणाल तारीख, पाळी, उत्पादक आणि गाय की म्हैस, हे चार मिळून युनिक. कागदावर बरोबर आहे. पण एक बाई सकाळी सहाला कॅन ओतून जाते आणि सातला परत येते. पाहुणे आलेत म्हणून घरी ठेवलेलं दूध उरलं, पाहुणे गेले. पुन्हा दोन लिटर, फॅट वेगळं. तुमचा कन्स्ट्रेंट तिला परत पाठवेल. काट्यावरचा पोरगा मग शेजारणीच्या नंबरावर ते दूध घालेल, कारण रांग थांबवता येत नाही. दुसरीकडे, लाइट गेली, मशीन परत चालू झालं आणि तीच पावती दोनदा सेव्ह झाली, असंही होतं. आयडीला या दोहोंतला फरक कळत नाही. म्हणून ‘खेप’ नावाचा पाचवा कॉलम घ्या. नेहमी १, आणि २ करायची तर काट्यावरच्या माणसानं मुद्दाम बटण दाबायचं. पाची कॉलम मिळून युनिक. बाई परत आली तर खेप २, लाइट गेली तर डेटाबेस दुसरी नोंद नाकारतो. असा पाचवा कॉलम कुठे लागतो ते घरी बसून सुचत नाही, सकाळी सहाला काट्याजवळ उभं राहावं लागतं.

प्रश्न : आम्ही आयडीऐवजी अर्थपूर्ण कोड करतोय, उदाहरणार्थ ‘तालुका-गाव-प्रकार-अनुक्रमांक’. बघता क्षणी कळतं. हे नॅचरल आणि सरोगेट दोन्हींचं चांगलं मिश्रण नाही का? — एक वाचक, धाराशिव

उत्तर : दोन्हींतलं वाईट तेवढं एकत्र आलं आहे. तुमच्याच जिल्ह्याचं नाव बदललेलं तुम्ही पाहिलंत. ज्यांनी कोडमध्ये जिल्ह्याची आद्याक्षरं घातली होती त्यांनी काय केलं, विचारा. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला तेव्हा नुसतं नाव नाही, कित्येक गावांचा जिल्हाच बदलला.

पॅनकडे बघा. चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं, व्यक्ती असेल तर ‘पी’. पाचवं अक्षर व्यक्तीच्या आडनावाचं पहिलं. मुलीनं लग्नानंतर आडनाव बदललं की कार्डावरचं नाव बदलून मिळतं, नंबर तोच राहतो. म्हणजे पाचवं अक्षर माहेरचं. आयकर खात्यानं नंबर बदलला नाही हे शहाणपणच केलं. पण पाचवं अक्षर आडनावाशी जुळतं का हे तपासणारी वेबसाइट कुणी लिहिली, तर अशा बायकांचे अर्ज ती परत पाठवणार. अर्थ हवा तिथे कॉलम करा. गाव हा कॉलम, प्रकार हा कॉलम. कोड छापायचा असेल तर छापताना जुळवा, साठवू नका.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात पंधरा हजारांवर पुस्तकं आहेत. संगणकीकरणात पुस्तकाची की म्हणून आयएसबीएन घ्यावा असं एका कार्यकर्त्याचं म्हणणं. जगभर तोच चालतो. आपलं मत? — एक ग्रंथपाल, कोकण

उत्तर : बाई, तुमच्या टेबलावर जी जाड दाखल नोंदवही आहे तिच्यात याचं उत्तर लिहिलेलं आहे. दाखल क्रमांक म्हणजे सरोगेट कीच, संगणक येण्याच्या कितीतरी आधीची. पुस्तक आलं की पुढचा क्रमांक, विषय कोणताही असो. पुस्तक फाटलं, हरवलं, बाद केलं तरी तो क्रमांक दुसऱ्याला जात नाही. आणि शिक्क्यासह पुस्तकावरच लिहिलेला असल्यामुळे पुस्तक हातात घेताच ‘की’ सापडते. मी सॉफ्टवेअरवाल्यांना नेहमी दाखल नोंदवही बघायला पाठवते.

आयएसबीएन एका आवृत्तीचा असतो, प्रतीचा नाही. एकाच कादंबरीच्या तुमच्याकडे चार प्रती असतील तर चौघींचा नंबर एक. वाचकाकडे कोणती गेली हे त्यावरून कळणार नाही. शिवाय ही व्यवस्था १९७० च्या सुमाराची, आणि मराठी पुस्तकांवर नियमित दिसायला त्यानंतरही बराच काळ गेला. तुमच्या कपाटातली जुनी, शिवलेल्या बांधणीची पुस्तकं नंबराविनाच असणार. प्रायमरी की रिकामी चालत नाही, मग कुणीतरी तिथे शून्यं भरतं. १ जानेवारी २००७ पासून दहा आकड्यांचा नंबर तेरा आकड्यांचा झाला. सुरुवातीला ९७८ आलं आणि शेवटचा तपासणीचा अंकही नव्यानं काढावा लागला. संचाच्या सगळ्या खंडांवर एकच नंबर छापणारे आणि मागच्या पुस्तकाचा नंबर पुढच्यावर तसाच ठेवणारे प्रकाशकही तुम्हाला भेटले असतीलच.

दोन टेबलं करा. पुस्तकाच्या आवृत्तीचं, त्याला मशीनचा आयडी, आणि आयएसबीएन हा रिकामा चालणारा, साधा इंडेक्स (झटपट शोधायची सूची) असलेला कॉलम. शोधायला फार उपयोगी, म्हणून ठेवायचाच. दुसरं प्रतींचं टेबल, त्यात दाखल क्रमांक युनिक. इथे मी दाखल क्रमांकच प्रायमरी की केला तरी हरकत घेणार नाही. न बदलणारा, पुन्हा न वापरला जाणारा आणि तुमच्याच ताब्यातला, एवढं सगळं जमलेली की फार क्वचित भेटते.

फक्त तो क्रमांक मशीनच्या ऑटो-इन्क्रिमेंटवर सोडू नका. सेव्ह करताना व्यवहार अर्धवट राहिला तर मशीन तो आकडा खाऊन टाकतं, आणि तपासणीला आलेले साहेब विचारतात, ५,२१७ नंतर एकदम ५,२१९ कसा? उलट गोष्टही आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० आधीच्या आवृत्त्यांत इनोडीबीचा, म्हणजे त्याच्या साठवणीच्या इंजिनाचा, मोजणी-आकडा फक्त मेमरीत असायचा. शेवटची नोंद डिलीट करून सर्व्हर बंद-चालू केला की तोच क्रमांक पुन्हा दिला जायचा. जुन्या मशीनवर जुनी आवृत्ती असलेली वाचनालयं अजून आहेत. दाखल क्रमांक ग्रंथपालानंच टाकावा, मशीननं तो आधी आलाय का एवढं बघावं.

प्रश्न : आमचा लीड सगळीकडे यूयूआयडी (कुठल्याही यंत्रानं स्वतःच बनवलेला, इतर कुणाशी जुळू नये असा लांब आयडी) वापरायला सांगतो, अगदी विद्यार्थी-विषय अशा जोडटेबलालाही. साधा बिगइंट, म्हणजे आठ बाइटचा पूर्णांक, का नको? — एक वाचक, पुणे

उत्तर : जोडटेबलाचं आधी संपवते. विद्यार्थ्याचा आयडी आणि विषयाचा आयडी मिळून प्रायमरी की, बस्स. त्या जोडीकडे तिसरं कुठलं टेबल बोट दाखवत नसेल तर वेगळा आयडी कशाला?

यूयूआयडीची खरी गरज तेव्हा, जेव्हा नोंद सर्व्हरला न विचारता तयार होते. आशाताई टॅबवर पाड्यात नोंदी घेतात, नेटवर्क संध्याकाळी मिळतं, दहा टॅब एकदम सिंक होतात. प्रत्येक टॅबनं १ पासून मोजलं तर गोंधळ. तिथे लीडचं बरोबर. दुसरं कारण गुप्ततेचं. ऑर्डर नंबर ओळीनं असतील तर महिन्याच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक ऑर्डर देऊन स्पर्धक तुमचा धंदा वजाबाकीनं काढतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरच्या अनुक्रमांकांतून उत्पादनाचे आकडे असेच बांधले होते.

खर्चही बघा. यूयूआयडी १६ बाइटचा, पण अर्धे लोक तो ३६ अक्षरांच्या मजकुरात साठवतात. तसं करू नका. इनोडीबी सगळं टेबल प्रायमरी कीच्या क्रमानंच लावतं आणि बाकीच्या प्रत्येक इंडेक्समध्ये ती की पुन्हा लिहितं, त्यामुळे लांब की सात इंडेक्सना सात वेळा महाग पडते. त्यात चौथ्या प्रकारचा यूयूआयडी पूर्ण यादृच्छिक, म्हणजे प्रत्येक नवी नोंद टेबलात कुठेही घुसते आणि डिस्कवरची भरलेली पानं फुटत राहतात. मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट-मानकात सातवा प्रकार आला. त्याचे पहिले ४८ बिट मिलिसेकंदातल्या वेळेचे, त्यामुळे नव्या नोंदी शेवटाकडे ओळीनं बसतात. पोस्टग्रेस १८ मध्ये त्याचं फंक्शन आतच आहे.

सातव्या प्रकाराचा आयडी हातात आला की नोंद कोणत्या क्षणी झाली ते वाचता येतं. लीडला हे विचारा. तुमच्या लिंकमध्ये असा आयडी जाणार असेल आणि ती वेळ बाहेर कळून चालणार नसेल, तर बाहेर दाखवायला चौथ्या प्रकाराचा वेगळा कॉलम घ्या, त्याला युनिक इंडेक्स लावा, आणि आतल्या सगळ्या जॉइनना तुमचा बिगइंट राहू द्या.